आधी कोण सुरू होणार, हे मालकाला ठरवू द्या

प्रति,
यूईएफआय फोरमचे सदस्य, तसेच विंडोज, उबुंटू, फेडोरा, डेबियन आणि इतर ऑपरेटिंग सिस्टमचे इन्स्टॉलर तयार करणारे सर्व,



विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षा-मॉड्यूल लागते आणि थोडे अपवाद सोडले, तर प्रोसेसर इंटेलचा असल्यास तो आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. त्यामुळे ठणठणीत चालणारे कितीतरी संगणक मधल्या मधे अडकले. त्यांच्या मालकांपुढे एक वाट अशी होती, की विंडोज राहू द्यायचे आणि शेजारी लिनक्स टाकायचे. टाकण्याचे काम आता अवघड राहिलेले नाही. पेनड्राइव्ह लावायचा, भाषा निवडायची, विंडोजच्या जोडीने बसवण्याचा पर्याय निवडायचा आणि थोडा वेळ थांबायचे. शेवटी ‘इन्स्टॉलेशन पूर्ण झाले’ अशी पाटी येते आणि संगणक पुन्हा सुरू करायला सांगितले जाते. तिथून पुढे काय दिसेल याचा मात्र नेम नाही. कधी काहीच घडले नसावे तसे जुने विंडोज उघडते. कधी नवे लिनक्स उघडते आणि विंडोजचा कुठे मागमूस लागत नाही. कधी काळ्या पडद्यावर इंग्रजी यादी येते आणि तिच्याखाली सेकंद उलटे मोजले जात असतात. पेनड्राइव्ह काढायचा राहिला असेल तर इन्स्टॉलरच पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. या चारही वेळी इन्स्टॉलेशन बहुधा बिनचूक झालेले असते, फक्त ते मालकाला कळत नाही. मग कोणी सगळे पुसून पुन्हा टाकतो, कोणी दुकानात नेऊन फॉरमॅट मारून आणतो आणि त्यात जुने फोटो, कागदपत्रे जातात.

या पत्रातले म्हणणे एकच आहे. एखादी ऑपरेटिंग सिस्टम डिस्कवर टाकायला मालकाने होकार दिला, म्हणून यापुढे बटण दाबल्यावर तीच आधी सुरू व्हावी यालाही त्याचा होकार आहे, असे होत नाही. या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. पहिली तुम्ही नीट मागता. कोणत्या डिस्कवर, किती जागेत, हे विचारता. पुसण्याआधी दोनदा बजावता. दुसरी मात्र तुम्ही घेऊनच टाकता, आणि घेतल्याचे सांगतही नाही.

एके काळी याला तांत्रिक कारण होते, हे मान्य करायला हवे. जुन्या बायोसच्या पद्धतीत संगणक डिस्कचा पहिला सेक्टर वाचायचा. तो सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यातले ६४ बाइट चार पार्टिशनच्या नोंदींना, शेवटचे दोन खुणेसाठी, आणि सुरुवातीच्या प्रोग्रामला उरायचे जेमतेम ४४६. एवढ्या जागेत एकच जण मावणार, त्यामुळे जो शेवटी येईल तो आधीच्याला पुसणार. विंडोजचा इन्स्टॉलर तिथे आपला प्रोग्राम न विचारता लिहायचा आणि आधीचे लिनक्स डिस्कवर असूनही दिसेनासे व्हायचे. ‘आधी विंडोज टाका, मग लिनक्स’ हा सल्ला तेव्हापासूनचा आहे, आणि अजून तो दिला जातो. पण २००५ साली तुमचा फोरम स्थापन झाला आणि यूईएफआयने ही अडचण मुळातच दूर केली. आता डिस्कवर एक वेगळे लहान पार्टिशन असते, त्यात प्रत्येक सिस्टमला स्वतःचे फोल्डर मिळते. मदरबोर्डवरच्या मेमरीत प्रत्येकीच्या नावाची नोंद राहते आणि ‘बूटऑर्डर’ नावाच्या ओळीत त्या नोंदींचे क्रमांक लावलेले असतात. पुढच्या एकाच वेळेपुरती वेगळी सिस्टम हवी असेल तर ‘बूटनेक्स्ट’ आहे. ते एकदा वापरले की आपोआप पुसले जाते. म्हणजे कोणाला न पुसता सगळ्यांना जागा झाली. नवा भाडेकरू आला म्हणून दारावरची आधीची पाटी उतरवण्याचे कारण उरले नाही. तरीही पाटी उतरतेच, कारण जागेचा प्रश्न सुटला तरी सवय सुटली नाही.

या सवयीत कोणताच पक्ष निर्दोष नाही. विंडोज पुन्हा टाकले की ‘विंडोज बूट मॅनेजर’ रांगेत सर्वांत वर जाऊन बसतो, ही तक्रार जुनी आहे. पण लिनक्सवाल्यांची रीतही तीच. ही नोंद करणारे ‘ईएफआयबूटमॅनेजर’ हे त्यांचे नेहमीचे हत्यार. त्यात नवी नोंद करण्याचे दोन मार्ग आहेत. एकात नोंद होते आणि ती रांगेत पहिली लागते. दुसऱ्यात नोंद होते, पण रांगेला हात लागत नाही. दोन्हींच्या आज्ञांत फरक आहे तो इंग्रजी सी या अक्षराच्या लहान-मोठ्या रूपाचा. म्हणजे रांग न मोडता नोंद करण्याची सोय आधीपासून तयार आहे. इन्स्टॉलर ती बाजूला ठेवतात आणि पहिला नंबर लावून मोकळे होतात. बरे, पहिला नंबर घेतला तर बाकीच्यांना वाट ठेवावी, तेही होतेच असे नाही. शेजारच्या सिस्टम शोधून यादीत आणण्याचे काम लिनक्समध्ये ‘ओएस-प्रोबर’ करतो. सुरुवातीची ही यादी दाखवणाऱ्या ग्रब या प्रोग्रामच्या २०२१ साली आलेल्या २.०६ या आवृत्तीत तो सुरक्षेच्या कारणास्तव मुळातच बंद ठेवला गेला, आणि २०२३ च्या डेबियन १२ ने तीच वाट धरली. निर्णयामागचे कारण पटण्यासारखे आहे, कारण अनोळखी पार्टिशन मोठ्या अधिकाराने उघडून पाहणे जोखमीचेच. पण या बदलाची सूचना छापली गेली रिलीज-नोट्समध्ये, आणि ज्याचे विंडोज यादीतून नाहीसे झाले तो मनुष्य रिलीज-नोट्स वाचणाऱ्यांतला नव्हे.

यादीत नेमके काय निवडलेले असेल, हाही एक घोळच आहे. ग्रब मुळात पहिल्या क्रमांकाची नोंद धरतो आणि पाच सेकंद थांबतो. कोणी धीर करून फाइल उघडली आणि विंडोजच्या ओळीचा क्रमांक तिथे लिहिला, तरी ते कायम राहील याची खात्री नाही. यादीत वर एखादी ओळ वाढली की बाकीच्या खाली सरकतात, आणि तोच क्रमांक भलत्याच ओळीवर बोट ठेवतो. मालकाने निवडलेले असते विंडोज. प्रोग्रामने लक्षात ठेवलेली असते ‘वरून अमुकवी ओळ’. नावाने किंवा मागच्या निवडीवरून लक्षात ठेवण्याची सोय ग्रबमध्ये आहे, पण ती चालू करावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या घरातही वेगळे चित्र नाही. एका विंडोजशेजारी दुसरे विंडोज टाकले, तर नंतर आलेले आपोआप मुख्य ठरते, यादी तीस सेकंद थांबते आणि तेच सुरू होते. म्हणजे हा विंडोज विरुद्ध लिनक्स असा तंटा नव्हेच.

आता मदरबोर्डवरचे फर्मवेअर बनवणाऱ्यांकडे वळतो, कारण नियमावली तुमची आणि ती मोडणारेही तुमच्यातलेच. २०१२ मध्ये लिनक्सचे डेव्हलपर मॅथ्यू गॅरेट यांनी लेनोवोच्या थिंकसेंटर एम९२पी या संगणकाचे कोडे उलगडून लिहिले होते. त्यावर फेडोरा व्यवस्थित बसायचे, नोंदही व्हायची, पण संगणक त्या नोंदीने सुरू व्हायचा नाही. फर्मवेअर नोंदीचे नाव तपासत होते. ‘विंडोज बूट मॅनेजर’ किंवा ‘रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स’ असे नाव असेल तरच पुढे जायचे. तुमच्या नियमावलीत हे नाव केवळ माणसाला वाचण्यासाठी आहे. यंत्राने त्यावरून भेद करावा असे कुठेही म्हटलेले नाही. कोणा एका प्रोग्रामरने चाचणी करून पाहिलेल्या दोन सिस्टमची नावे तपासणीत घातली असतील आणि ती तशीच बाजारात गेली असतील. दुष्ट हेतू शोधण्याची गरज नाही. पण मालकाच्या बाजूने पाहिले तर हेतूने काय फरक पडतो? शिवाय बूट मेनू उघडण्याची कळदेखील तुम्ही एक ठेवली नाही. डेलवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरच्या अनेक लॅपटॉपवर एफ१२ आधी सेटअपमध्ये जाऊन चालू करावी लागते, आणि लेनोवोच्या काही लॅपटॉपना टाचणी खुपसायचे छिद्र आहे. ती कळ दाबायला मिळतात एखाददोन सेकंद, आणि लोगो दिसेपर्यंत ते निघूनही जातात.

पहिल्या नंबराला इतके महत्त्व का द्यायचे, असे कोणाला वाटले तर त्याने बीओएसचा इतिहास आठवावा. ज्याँ-लुई गासे यांच्या बी कंपनीने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आपली ऑपरेटिंग सिस्टम संगणक-उत्पादकांना फुकट देऊ केली. अट एकच होती, की संगणक सुरू होताना विंडोजच्या जोडीने तिचाही पर्याय ग्राहकाला दिसावा. जपानच्या हिताचीने तयारी दाखवली. फ्लोरा प्रियस नावाचे संगणक बाजारात आले आणि त्यांच्या डिस्कवर बीओएस खरोखरच होती. पण सुरू होताना तिचा पर्याय दिसत नव्हता. ती उघडायची तर ग्राहकाने बी कंपनीकडून सूचना मिळवायच्या आणि त्यांबरहुकूम स्वतः खटपट करायची. मायक्रोसॉफ्टच्या परवान्यातील अटींमुळे उत्पादकांना सुरुवातीला दुसरी सिस्टम दाखवता येत नाही, असा बीचा आरोप होता. २००२ च्या फेब्रुवारीत तिने दावा लावला आणि २००३ च्या सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने कोणताही दोष मान्य न करता २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन तो मिटवला. तोवर बी कंपनीचा कारभार आटोपलेला होता. डिस्कवर जागा असून उपयोग झाला नाही; पडद्यावर ओळ नसल्याने ती सिस्टम ग्राहकाच्या लेखी नव्हतीच. आज ग्रबच्या यादीतून विंडोज गळते किंवा विंडोजच्या मागे लिनक्स दडते, तेव्हा त्यात करारबिरार काही नसतो. परिणाम मात्र तोच, आणि तो आता फुकटात घडतो आहे.

आधीच ठरवून ठेवलेली निवड लोक सहसा बदलत नाहीत, हे नियामकांनीही ओळखले आहे. विंडोजबरोबर इंटरनेट एक्सप्लोरर गळ्यात पडत होता, म्हणून युरोपीय आयोगाने २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टकडून ब्राउझर निवडण्याचा पडदा दाखवण्याचे वचन घेतले. विंडोज ७ च्या सर्व्हिस पॅकमधून तो पडदा मे २०११ ते जुलै २०१२ गायब होता, तेव्हा २०१३ मध्ये ५६.१ कोटी युरोंचा दंड झाला. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. नवा अँड्रॉइड फोन सुरू करतानाच ग्राहकाला शोधयंत्र निवडू द्यावे, हेही त्या आदेशातले एक कलम होते. ब्राउझर आणि शोधयंत्राबाबत जी अपेक्षा रास्त ठरते, ती अख्ख्या संगणकाचा ताबा घेणाऱ्या सिस्टमबाबत अवास्तव कशी?

यावर तुमची उत्तरे काय असतील याची कल्पना आहे. पहिले उत्तर असे, की जो नवी सिस्टम टाकतो त्याला तीच वापरायची असणार, म्हणून ती आधी सुरू करणे स्वाभाविक. एकट्याच्या संगणकापुरता हा अंदाज बऱ्याचदा बरोबर ठरेल. पण ज्यांना दोन सिस्टम लागतात त्यांची गणिते वेगळी असतात. घरात मुलगी अभ्यासासाठी लिनक्स टाकते, पण वडिलांचे टॅली विंडोजवर चालते. कॉलेजच्या लॅबमध्ये एका तासाला ही लागते, दुसऱ्या तासाला ती. नवी सिस्टम आधी चाखून पाहावी आणि रोजचे काम जुन्यावर चालू ठेवावे, असा विचार करणारे तर सर्वांत जास्त, कारण पहिल्यांदाच लिनक्स टाकणारा सावधच असतो. अंदाज करायचाच असेल तर करा, पण तो पडद्यावर मांडा आणि बदलू द्या.

दुसरे उत्तर सुरक्षेचे. ते वजनदार आहे, म्हणून त्याला बगल देणार नाही. सुरुवातीचा प्रोग्राम कोणी बदलला तर पुढचे सगळेच त्याच्या हाती जाते. म्हणून सिक्युअर बूट आले, सह्या आल्या, आणि धोकादायक ठरलेल्या जुन्या आवृत्त्या नाकारण्याची यादी आली. हे हवेच. पण कोणाला सुरू होऊ द्यायचे हा सुरक्षेचा प्रश्न आहे आणि परवानगी असलेल्यांपैकी आधी कोण हा मालकाचा. दोन्हींची सरमिसळ झाली की काय होते ते ऑगस्ट २०२४ मध्ये दिसले. मायक्रोसॉफ्टने ग्रबमधली २०२२ सालची एक त्रुटी रोखण्यासाठी विंडोजच्या अपडेटमधून नाकारण्याची यादी वाढवली. दोन सिस्टम असलेल्या संगणकांना हा बदल लागू होणार नाही, असे तिने सांगितले होते. पण ड्युअल बूटच्या काही वेगळ्या रचना त्या तपासणीला ओळखता आल्या नाहीत. अनेकांचे लिनक्स सुरूच होईना. पडद्यावर एवढेच, की काहीतरी गंभीर बिघडले आहे. पूर्ण दुरुस्ती यायला मे २०२५ उजाडला. त्रुटी खरी होती, उपायही आवश्यक होता. पण शेजारी दुसरी सिस्टम आहे की नाही हे ओळखण्यासाठी अंदाज बांधावा लागला, याचाच अर्थ मालकाची निवड कुठेही भरवशाने नोंदलेली नव्हती. ‘बूटऑर्डर’ म्हणजे नुसत्या क्रमांकांची ओळ. तो क्रम माणसाने लावला, इन्स्टॉलरने लावला की एखाद्या अपडेटने, हे तिच्यावरून कळत नाही.

फर्मवेअरवाले आणखी एक मुद्दा काढतील, की ऑपरेटिंग सिस्टमना या मेमरीत मोकळा हात देणे धोक्याचे. २०१३ च्या सुरुवातीला सॅमसंगचे काही लॅपटॉप लिनक्स सुरू करताच कायमचे बंद पडले, हे त्याचे उदाहरण म्हणून सांगतात. पण पुढे निघाले असे, की ती मेमरी फार भरली तर तो लॅपटॉप उठायचाच नाही आणि विंडोजमधूनही हे घडवता येत होते. दोष नोंदवणाऱ्यांचा नव्हता, जागा सांभाळू न शकणाऱ्या फर्मवेअरचा होता. मला तर उलट वाटते, की रांगेला कमीत कमी वेळा हात लागावा. विचारून एकदा लावली की पुन्हा पुन्हा लावायची गरजच राहत नाही.

राहिला आक्षेप साधेपणाचा. सामान्य माणसाला प्रश्न नकोत, तो गोंधळतो, असे इन्स्टॉलर करणारे म्हणतात. पण एकच सिस्टम असेल तिथे काही विचारू नका, असेच माझेही म्हणणे आहे. फेडोरा २९ पासून एकटी सिस्टम असेल तर यादी लपवली जाते, ते योग्यच आहे. दुसरी सिस्टम आढळली तरच विचारा. डेबियनमध्ये हा प्रश्न तयार आहे. मदरबोर्डवरच्या मेमरीत बदल करून डेबियन आपोआप सुरू व्हावे का, असे त्यात विचारलेले असते. फक्त नेहमीच्या सरळ मार्गाने जाणाऱ्याला तो भेटत नाही. तुमच्या फोरमच्या सदस्यांपैकी ॲपलने मॅकच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टार्टअप डिस्क’ कितीतरी वर्षांपासून ठेवली आहे. तिथे चित्रे दिसतात, हवे त्यावर क्लिक करायचे. त्याने कोणी गोंधळल्याचे ऐकिवात नाही. आणि प्रश्न टाळून गोंधळ टळतो कुठे? तो फक्त पुढे ढकलला जातो. इन्स्टॉलरच्या उजेडात, माउस हातात असताना, आपल्या भाषेत जे विचारता आले असते ते काळ्या पडद्यावर, पाच सेकंदांत, इंग्रजीत विचारले जाते.

भाषेचा उल्लेख आलाच आहे तर सांगतो. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी निवडता येते, तासभर सगळे मराठीत चालते. पण इथे मिळणाऱ्या संगणकांच्या फर्मवेअर-सेटअपमध्ये मराठी सहसा नसते, आणि तिथे चुकीची कळ दाबण्याची भीती सर्वांत जास्त. तेव्हा मराठी माणसाला निवड करू द्यायची तर ती इन्स्टॉलरमध्येच, तोंडओळख झालेल्या भाषेत करू द्यायला हवी.

मागणी फार मोठी नाही. फोरमने नियमावलीत नोंद करणे आणि रांगेत पहिले लागणे या दोन कृती स्पष्टपणे वेगळ्या कराव्यात आणि रांगेतला क्रम मालकाने स्वतः ठरवला असेल तर तशी खूण ठेवण्याची सोय द्यावी. ती खूण असेल तिथे कोणत्याही इन्स्टॉलरने किंवा अपडेटने न विचारता क्रम बदलू नये. नावावरून भेद करणाऱ्या फर्मवेअरला तुमच्या चाचण्यांत नापास करावे. इन्स्टॉलर करणाऱ्यांना तर नियमावली बदलेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. दुसरी सिस्टम सापडली की एक प्रश्न विचारायचा आणि शेवटच्या पाटीवर ‘इन्स्टॉलेशन पूर्ण झाले’ याच्या जोडीला तीन ओळी द्यायच्या. पुन्हा सुरू केल्यावर काय उघडेल, दुसरी सिस्टम हवी असेल तर काय करायचे, आणि हा क्रम पुढे कुठून बदलता येईल.

याची सुरुवात आपल्याकडूनही होऊ शकते. सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात आहे आणि तिची ‘बॉस’ ही ऑपरेटिंग सिस्टम डेबियनवरच उभी आहे. प्रश्न डेबियनमध्ये लिहून तयार आहे. तो वर आणायचा, मराठीसह भारतीय भाषांत नीट मांडायचा आणि पुढच्या आवृत्तीत प्रत्येकाला दिसेल असा ठेवायचा, एवढेच काम आहे. सी-डॅकने ते करावे आणि केलेला बदल डेबियनकडे परत पाठवावा, अशी विनंती या पत्राची प्रत पाठवून तिलाही करत आहे.

कळावे,
एक संगणक-वापरकर्ता